चार अंशांची पेटी

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर फ्रिज दुरुस्तीचं दुकान आहे आणि ते एक बाई चालवते. तिला सगळे वहिनी म्हणतात. वास्तविक ती वहिनी एकाच माणसाची, धाकट्या दिराची. पण तो दिवसभर दुकानातून "वहिनी, पाना कुठंय?", "वहिनी, गिऱ्हाईक आलंय!" असा इतका ओरडतो की दूधवाल्यापासून बँकेच्या साहेबांपर्यंत सगळ्यांचीच ती वहिनी होऊन बसली. माझ्या तर ती मुलीच्या वयाची. तरी मीही वहिनीच म्हणते आणि ती मला मावशी म्हणते. नात्यांचा हा घोळ आम्हा दोघींनाही आवडतो.

दुकान मूळचं नवऱ्याचं. तो जहाजावर शीतखोल्या सांभाळतो, वर्षातून दोन महिने घरी असतो. लग्न झाल्यावर तो काम करायचा तेव्हा ही मागे बॅटरी धरून उभी राहायची. बॅटरी धरता धरता सगळं शिकली. तिची एक लकब मी पहिल्या दिवसापासून बघत आले आहे. कुठलाही बंद फ्रिज दुकानात आला की मीटर लावायच्या आधी ती हाताची मागची बाजू त्याच्या अंगाला टेकवते, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावी तशी. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "तळव्यावर भरवसा नाही मावशी. कामानं जाड झालाय तो. मागची बाजू खरं सांगते."

आता पेटीबद्दल. वरच्या भागातल्या आरोग्य केंद्रातली सिस्टर एकदा तिच्याकडे बर्फाची पेटी घेऊन आली. झाकण दुरुस्त करून हवं होतं. जाता जाता म्हणाली, "औषध आतल्या आत तापून वाया गेलं तरी बाहेरून मला कळत नाही गं. कसं कळावं?" एवढंच. वहिनीच्या डोक्यात ते महिनाभर फिरत राहिलं. मग तिने आणि दिराने मिळून एक पेटी केली. आत किती अंश आहेत ते बाहेर दिसायचं आणि आठ अंशांच्या वर गेलं की घंटा वाजायची. दिसायला ओबडधोबड, कडा हातानं घासलेल्या. सिस्टरने ती वर्षभर वापरली. दोनदा घंटा वाजली आणि दोन्ही वेळा औषध वाचलं. खरं तर गोष्ट इथेच सुखानं संपायची.

पण दिराने एका स्पर्धेचा फॉर्म भरला. नव्या उद्योगांची स्पर्धा. पाच मिनिटं मंचावर उभं राहायचं, आपली वस्तू दाखवायची, परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. वहिनी गेली, पेटी टेबलावर ठेवली, झाकण उघडलं आणि घंटेची वाट बघत उभी राहिली. सभागृह वातानुकूलित, कडाक्याचं गार. पेटी गरम होईना, घंटा वाजेना. दीड मिनिट ती तशीच उभी. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "अजून पुष्कळ वेळ आहे, बसा!" हॉल हसला.

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली. माझी एक्केचाळीस वर्षं रंगमंचावर गेली. राण्या केल्या, आया केल्या, शेवटी शेवटी भुतं केली, मग गुडघ्यांनी पडदा पाडला. तिचा चेहरा बघून माझ्यातली नटी जागी झाली. मी म्हटलं, "वेडे, मंचावरचा पेला रिकामा असतो. पत्रं कोरी असतात. मी शेकडो वेळा कोरा कागद वाचून रडले आहे. तिथे खरं घडण्याची वाट बघायची नसते, घडवून आणायचं असतं."

दिराला ते चटकन पटलं. हुशार पोरगा, इंजिनिअरिंग झालेला, सव्वीस वर्षांचा, बोलायला चटपटीत. त्याने मंचासाठी वेगळा प्रोग्रॅम लिहिला. त्यात आतला काटा काहीही सांगो, आकडा चारच राहायचा. पेटीच्या मुठीखाली एक बारीक बटण लपवलेलं. वहिनीने योग्य वाक्यावर अंगठा दाबला की घंटा.

आणि मग मी, माझ्या तोंडानं, पुढची सूचना केली. ती मी इथे लिहितेच, कारण न लिहून सुटका नाही. मी म्हटलं, "आकडा असा मख्ख दिसतोय, मेल्यासारखा. त्याला जरा श्वास घेऊ दे. चार पूर्णांक एक, मग तीन पूर्णांक नऊ, परत चार." दीर खूश झाला. "मावशी, काय नजर आहे!"

पुढच्या स्पर्धेत त्यांचा पहिला नंबर आला.

नंतरचे आठ महिने मी डोळ्यांनी पाहिले. पाच स्पर्धा झाल्या. दुकानातल्या फळीवर गॅसच्या नळकांड्यांशेजारी काचेची स्मृतिचिन्हं आली. एक टायवाला सल्लागार आला. तो दर आठवड्याला सांगायचा की पेटीचा रंग बदला, पहिलं वाक्य बदला, शेवटी थोडं हसा. पेटी कशी चालते हे त्याने एकदाही विचारलं नाही. प्रत्येक ठिकाणी तेच स्पर्धक भेटायचे. घडीची कुबडी करणारे दोघं मित्र, पाण्याचा पंप करणारी मास्तरीण, भंगारातून विटा पाडणारा एक गप्प गडी. मास्तरीण दुसऱ्या वर्षी शाळेत परत गेली. कुबडीवाल्यांतला एक आता स्पर्धा कशी जिंकावी यावर भाषणं देतो. कुबडी बाजारात आलीच नाही. विटावाल्याचं पुढे काय झालं कोणास ठाऊक.

मला हे नवीन नव्हतं. आमच्याकडेही स्पर्धेची नाटकं असायची. दहा ठिकाणी पहिली आलेली, ढालींनी कपाट भरलेली. पण तिकीट लावून रोजचा प्रयोग करा म्हटलं की मंडळी चाचरायची, कारण ते नाटक परीक्षकांसाठी बसवलेलं असायचं, प्रेक्षकांसाठी नाही. एवढं कळत असून मी वहिनीला का सांगितलं नाही? कारण टाळ्यांचा आवाज ऐकला की मला अजून भूक लागते.

तिसऱ्या बक्षिसाच्या अटीप्रमाणे नऊ नव्या, गुळगुळीत, निळ्या पेट्या आरोग्य केंद्राला द्यायच्या होत्या. समारंभ झाला. सिस्टरची जुनी ओबडधोबड पेटी काढून घेऊन दुकानात काचेच्या चिन्हांशेजारी शोभेला ठेवली. सिस्टर नव्या पेटीवर हात ठेवून फोटोत हसली.

ही झाली मागची हकिकत. आता तो दिवस.

मोठ्या स्पर्धेची अंतिम फेरी दुपारी चार वाजता होती. ही जिंकली की कारखाना, माणसं, सगळं. सकाळी दहाला दोघं माझ्या खोलीत तालमीला आले. वहिनीने नवा कडक झगा घातला होता आणि त्यात ती पाहुण्यांसारखी दिसत होती. मी खुर्चीत, परीक्षक होऊन.

माझ्या खिडकीत दुसरी एक निळी पेटी पडलेली होती. केंद्राकडून कडी तुटली म्हणून परत आलेली, दुकानात जागा नाही म्हणून आदल्या दिवसापासून वर आणून ठेवलेली. त्या खिडकीत सकाळचं ऊन थेट येतं. माझी मांजरसुद्धा दहानंतर तिथे बसत नाही.

वहिनी बोलायला लागली. "आमच्या भागातली एक सिस्टर एकदा माझ्याकडे आली..." बोलता बोलता मागे सरकली आणि तिचा हात खिडकीतल्या पेटीला लागला. हाताची मागची बाजू.

ती थांबली.

"वाक्य विसरलीस?" मी विचारलं.

तिने झाकण उघडलं, हात उलटा करून आत घातला. मग खाली वाकून आकडा बघितला. मीही उठून बघितला. चार पूर्णांक एक. आम्ही दोघी बघत असताना तो तीन पूर्णांक नऊ झाला. पेटीनं श्वास घेतला.

"भावोजी," ती अगदी हळू म्हणाली, "ही कुठली पेटी?"

"केंद्रातली. कडीवाली."

"मंचावरची नाही?"

"नाही हो, ती ही काय माझ्या हातात."

"मग हिच्यात कुठला प्रोग्रॅम घातलात तुम्ही?"

दिराने लॅपटॉप उघडला. त्याची बोटं भराभर चालत होती आणि एकदम थांबली. आठ महिने त्यांनी एकाच प्रोग्रॅमवर काम केलं होतं, मंचावरच्या. तोच सुधारला, तोच नटवला. समारंभाच्या आदल्या दिवशी नऊ पेट्यांत घाईत प्रोग्रॅम भरताना हाताशी तोच होता. जुना, खरा प्रोग्रॅम कुठल्या कोपऱ्यात आहे हे त्यालाही लगेच सापडेना.

"नऊच्या नऊ?" वहिनीने विचारलं.

त्याने मान हलवली.

तिने केंद्राला फोन लावला. कंपाउंडर फोनवर आला. मोठ्यानं बोलणारा माणूस, मला सगळं ऐकू येत होतं. "सिस्टर? त्या नऊलाच गेल्या जीपनं, वरच्या रस्त्याला. तिथे रेंज नाही. पेट्या ना? एकदम झकास! कधी बघावं तर चारच्या आसपास. बाकीच्या कोऱ्याच आहेत कपाटात, एकच फिरतीवर असते. तेवढे ते तिघं साखरवाले त्रास देतात बघा. साखर उतरतच नाही. चोरून गोड खातात, सिस्टर रोज ओरडतात. डॉक्टरांनी दोनदा डोस वाढवला, आता जवळपास दीडपट झालाय. आज नवा साठा आलाय इन्सुलिनचा, थेट कोठारातून, बर्फात. आजपासून तरी बघू."

वहिनीला लगेच उमगलं नाही. मला उमगलं. मी बारा वर्षं रोज स्वतःला सुई टोचून घेते. मी तिच्या हातातून फोन काढून घेतला, कंपाउंडरला सांगितलं की सिस्टर दिसल्या की सुई थांबवायला सांगा, आणि वहिनीकडे वळले.

"अगं, ती माणसं गोड खात नव्हती. औषध पेटीत तापून निम्मं मेलं होतं. मेलेल्या औषधानं साखर कशी उतरणार? डॉक्टरांनी डोस वाढवला. आणि आज ताजं औषध आलंय, पूर्ण ताकदीचं. ते दीडपट टोचलं तर साखर धाडकन खाली येईल. माणूस घामाघूम होतो, बरळतो, आणि वेळेत साखर पोटात गेली नाही तर उठत नाही."

"सुई कधी देतात?"

"दुपारच्या जेवणाआधी."

घड्याळात दहा पस्तीस झाले होते. वरच्या रस्त्याला पोचायला पावणेदोन तास.

"वहिनी, एक मिनिट," दीर दारात आडवा झाला. "कंपाउंडर निरोप देईलच. आपण चारचं उरकू आणि लगेच निघू. आज जिंकलो तर नव्वद पेट्या नव्यानं करू, खऱ्या करू."

"निरोप कशानं देणार? ओरडून?"

"पण आज आपण गेलो नाही तर आठ महिने पाण्यात!"

"भावोजी," ती म्हणाली, "ते आधीच पाण्यात आहेत. त्या तिघांना आपण रोज तेच टोचलंय."

त्याचा चेहरा लाल झाला. "तुम्ही जा मग. मी हॉलवर जातो. कोणीतरी उभं राहायला हवं." आणि मंचावरची पेटी काखेत मारून तो धाडधाड जिना उतरला. मला, सूचना करणारीला, त्याला थांबवायचा अधिकार उरला नव्हता.

मी माझी पिशवी उचलली. त्यात साखरेची पुडी कायम असते. "मी येतेय."

"तुमचे गुडघे, मावशी."

"गुडघे गाडीत बसतात."

दुकानाची जुनी व्हॅन. मागे कॉम्प्रेसर, नळ्या, हत्यारांची खडखड. वहिनीने झग्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या. अर्धी वाट सरल्यावर एक ट्रक लोखंडी नळ उतरवायला रस्त्यात आडवा. दोन्हीकडे गाड्या. अकरा पन्नास. ड्रायव्हर निवांत पाय सोडून बसलेला.

वहिनी उतरली. "कोण आहे रे मुकादम?"

"जेवायला गेलाय बाई."

"मग आता मी आहे. पुढं घे. चाक सगळं उजवीकडं तोड. तोड म्हणते ना! नळाची काळजी करू नकोस, मी धरते." आणि खरोखर तिने एका बाजूचा नळ खांद्यावर उचलून धरला. तिला बघून दोन मोटारवाले लाजून उतरले. पाच मिनिटांत वाट झाली. झग्यावर गंजाचा तांबडा पट्टा उमटला होता. तिने तो पाहिलासुद्धा नाही.

पहिलं घर गाठलं तेव्हा बारा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. एका खोलीचं घर, दारात शिवणयंत्र. शिंपीणआजी यंत्रापाशी स्टुलावर बसलेली. डोळे अधू म्हणून सुई सिस्टर टोचायची, पण यंत्रावर हात अजून चालायचा. जेवणाची थाळी बाजूला झाकून ठेवलेली, हात न लावलेली. आजी हसत होती. कारण नसताना. कपाळावरून घाम ओघळत होता आणि ती रिकाम्या यंत्राचं चाक फिरवत होती.

"सिस्टर येऊन गेली का?" वहिनीने ओरडून विचारलं.

"गेली की," आजी म्हणाली. "तू कधी आलीस गं माहेराहून?"

मी वहिनीला ढकललं. "तू पुढच्या घरी पळ. हिला मी बघते. पळ!"

व्हॅन निघाली आणि मी एकटी. पाण्यात साखर कालवली. आजीला चमचा लावला तर तिने दात आवळले. "नको. सिस्टर ओरडेल. मी गोड खात नाही." मी विनवलं, तरी नाही. इतकी माणसं मी मंचावर मारली, वाचवली. खऱ्याखुऱ्या म्हातारीच्या दातांपुढे माझं काही चालेना. मग मला सुचलं. मी ताठ उभी राहिले, पदर खोचला, आणि माझ्या ठेवणीतल्या, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या आवाजात म्हणाले, "मी मोठी सिस्टर आहे! तिच्या वरची! माझा हुकूम आहे, प्या!"

आजी दचकली. तोंड उघडलं. एक चमचा. दुसरा. तिसऱ्याला खोकली. मी बोलत राहिले, तिला बोलतं ठेवत राहिले. सूत कुठल्या नंबरचं, बाह्या कशा बसवतेस, काजं हातानं की यंत्रानं. उत्तरं आधी भलतीच येत होती. काजांबद्दल विचारलं तर कोणा मेलेल्या भावाबद्दल सांगायला लागली. चाक फिरवणारा हात माझ्या हातात घट्ट धरला होता, तो ओला आणि गार. दहा मिनिटं. पंधरा. मग ती थांबली, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "हातानंच. यंत्राच्या काजाला जीव नसतो. तुम्ही कोण?"

मी तिथेच जमिनीवर बसले. गुडघ्यांचं मग बघू.

पाऊण तासानं जीप आणि व्हॅन एकामागोमाग आल्या. पुढे सिस्टर, मागे वहिनी. दुसऱ्या घरी सिस्टरने सुई भरली होती, आजोबांच्या दंडाला कापूस लावला होता, तेवढ्यात वहिनी पोचली आणि सुई थांबली. तिसऱ्या घरी अजून जायचंच होतं. सिस्टरने आधी आजीच्या बोटातून थेंब काढून साखर तपासली, थाळीतलं जेवण बळेच भरवलं, परत तपासली. मग पेटी आणून वहिनीच्या पुढ्यात ठेवली. निळी, गुळगुळीत.

"मला नीट सांग," ती म्हणाली. "हा आकडा कशाचा आहे?"

"कशाचाच नाही," वहिनी म्हणाली. "तो मंचावर दाखवायला केला होता. तुमच्या पेट्यांत तोच गेला. चूक आमची."

"दोन महिने?"

"हो."

"दोन महिने मी यांना पाणी टोचत होते?"

वहिनीने मान खाली घातली नाही, एवढं मी बघितलं.

"आणि मी यांना काय काय बोलले," सिस्टर म्हणाली, आणि आता तिचा आवाज फुटला. "लाज वाटत नाही का, या वयात चोरून खाता म्हणाले. डबे उघडून बघितले मी यांचे!"

शिंपीणआजीनं घास गिळला. "मी सांगत होते की नाही? नाही खाल्लं म्हणून. शपथ घेतली तरी तू ऐकलं नाहीस."

बाहेर जीपचं इंजिन गार होताना टिकटिक वाजत होतं.

"लिहून देते मी," वहिनी म्हणाली. "तुम्ही तक्रार करा. मी खाली सही करते. पेट्या आजच परत नेते. डॉक्टरांना जुन्या डोसचं तुम्ही सांगा."

"तुझं चारचं काहीतरी होतं ना? फोटोवाला बोलवायचा म्हणून मला मागच्या आठवड्यात फोन आला होता."

"होतं."

आजी पूर्ण सावरेपर्यंत आम्ही थांबलो. उतारावर रेंज आली तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. दिराचे अकरा फोन येऊन गेलेले. तिने गाडी कडेला घेतली आणि फोन मधोमध ठेवला, मला ऐकू येईल असा.

"वहिनी! कुठं आहात? आपला नंबर सहावा आहे. चालू आहेत तिसरे."

"भावोजी, एक आजी मरता मरता वाचली."

पलीकडून मागच्या माइकचा आवाज आला, टाळ्या आल्या.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय. वाचली ना पण?"

"वाचली."

"मी काय करू इथं? माझं नाव घेतील आता."

"खरं सांगा."

"खरं सांगून बक्षीस कोण देतं वहिनी?"

"कोणी नाही देत," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मग एक हात स्टिअरिंगवर ठेवून बसली. रडली नाही. दुसऱ्या हाताची मागची बाजू काचेला लावली होती, सवयीनं.

हॉलमध्ये काय झालं ते आम्हाला नंतर विटावाल्याकडून कळलं. तो गप्प गडी तिथे प्रेक्षकांत होता. दीर मंचावर गेला, पेटी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "या पेटीवरचा आकडा खोटा आहे. आम्ही अशा नऊ पेट्या लोकांना दिल्या. आज एक बाई त्यामुळे मरणार होती. आम्ही पेट्या परत घेतोय." आणि खाली उतरला. पाऊण मिनिट लागलं असेल. लोकांना वाटलं, काय झकास सुरुवात आहे! टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळे खुर्चीच्या टोकाशी सरकून तो परत यायची वाट बघत बसले. त्याची उरलेली सव्वाचार मिनिटं संपेपर्यंत मंचावर फक्त ती पेटी होती, चार पूर्णांक एक दाखवत. टायवाला सल्लागार म्हणे मागे उभा राहून मान डोलवत होता.

तो घरी आला तेव्हा आम्ही दुकानात होतो. वहिनीने नऊही पेट्या रांगेत मांडून त्यांची पाठ उघडली होती. तो खाली बसला आणि स्क्रू गोळा करायला लागला. माझ्याशी तो महिनाभर बोलला नाही. मला ते योग्यच वाटलं.

सल्लागार पुन्हा आला नाही. कारखाना झाला नाही. तक्रारीची चौकशी झाली, वहिनी तीन वेळा जाऊन उत्तरं देऊन आली. वर्षभर दुकान पुन्हा नुसतं फ्रिजचं राहिलं. शोभेला ठेवलेली जुनी ओबडधोबड पेटी मात्र तिने दुसऱ्याच दिवशी पुसून, नवी बॅटरी घालून सिस्टरला परत नेऊन दिली.

मग एका सकाळी सिस्टरचा फोन आला. जुन्या पेटीचा पत्रा झिजला होता.

"अजून दोन करून दे," ती म्हणाली. "पण आकडे नकोत. आकडा बघितला की मला आजीचा डबा आठवतो."

वहिनीने काट्याची तबकडी लावली, मोठ्या फ्रिजांना असते तसली, जिला वीज लागत नाही आणि प्रोग्रॅमही लागत नाही. घंटा किल्लीची. दिराने तोंड वाकडं केलं. "हे काय, शंभर वर्षांपूर्वीचं!" पण कडी त्यानेच नवीन केली, अशी की तुटायची नाही. आता वर्षाला पंचवीस-तीस पेट्या जातात. त्यांचे फोटो कोणी काढत नाही.

प्रत्येक पेटी बाहेर पडायच्या आधी माझ्या खिडकीत तीन तास बसते. उन्हात, आत बर्फ, झाकण बंद. माझं काम दर पंधरा मिनिटांनी काटा वहीत लिहायचं. मांजर पलीकडच्या गादीवरून बघत असते. काटा आठवर पोचला आणि घंटा वाजली की दीर खालून ओरडतो, "मावशी, मी वाजवली नाही हां!"

आणि तरीही वहिनी वर येते, झाकण उघडते आणि हात उलटा करून आत घालते.